पुसलेलं झाड

शाळेतली पोरं त्यांना खडूबाई म्हणायची. शाळा सुटली, नाव काही सुटलं नाही. फळ्यावर त्या खडू उभा न धरता आडवा धरायच्या. एका फटकाऱ्यात डोंगर, दुसऱ्या फटकाऱ्यात त्याची सावली. बाकी कुठल्या तासाला मान वर न करणारी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तोंड उघडं टाकून बघत राहायची. तास संपला की पुढचे मास्तर येऊन ओला फडका फिरवायचे. चित्र गेल्याचं खडूबाईंना कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते एवढंच, की मास्तर फडका नीट पिळत नसत आणि फळा ओघळायचा.

मग एका वर्षी शाळेत चित्रकलेचा तास गेला आणि त्या जागी कॉम्प्युटरचा तास आला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शिकून घ्या, म्हणजे तोही तास तुम्हालाच देतो." खडूबाई तोंड पाडून घरी आल्या. घर म्हणजे भावाचं. लग्नाचं राहून गेलं होतं, आई-वडील गेले होते, आणि दादा-वहिनींनी 'मागची खोली तुझीच' म्हटल्यावर तो विषय तिथंच संपला होता. वहिनी विमा कचेरीत कॉम्प्युटरवर काम करायच्या. नणंदेचं गाऱ्हाणं ऐकून त्या म्हणाल्या, "एवढंच ना वन्सं? बसा माझ्याशेजारी. पोळी लाटण्यापेक्षा सोपं आहे."

"मला पोळी कुठं येते?"

"म्हणून तर म्हणते, हे तरी शिका."

नणंद-भावजयीचं नातं विळ्या-भोपळ्याचं म्हणतात. या दोघींचंही तसंच होतं, फक्त दोघी मिळून भाजी फर्मास करायच्या. खडूबाई कॉम्प्युटर शिकल्या तो मुलांना शिकवण्यापुरता. पण एकदा वहिनींनी कचेरीतून एक काळी पाटी आणून दिली. तिच्यावर पेनानं रेघ ओढली की ती पडद्यावर उमटे. खडूबाईंनी तो पेन आडवा धरून पाहिला. पडद्यावर डोंगर आला. त्या दिवशी स्वयंपाक दादांनी केला, दुसऱ्या दिवशीही त्यांनीच केला, आणि पुढं ते त्यांच्या अंगवळणीच पडलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर खडूबाईंनी हाच उद्योग धरला. प्रोजेक्टरनं भिंतीवर उजेडाची चित्रं टाकायची. सिनेमासारखी नाहीत, कारण सिनेमाला पांढरा पडदा लागतो. यांना भिंतच हवी असे, आहे तशी, खिडक्या-दारं, पोपडे, पन्हाळी यांच्यासकट. शिंप्यानं अंगावर फीत लावून माप घ्यावं तसं वहिनी कॅमेऱ्यानं भिंतीचं माप घ्यायच्या, आणि मशीनला कळायचं की वीट इथं संपते, खिडकीचा कोपरा इथं आहे. मग खडूबाई चित्र काढायच्या ते त्या मापात बसवून. दवाखान्याच्या कुंपणावर त्यांनी मुंग्यांची रांग चालवली होती. मुंग्या प्रत्येक भेगेपाशी थांबून वळसा घालून जायच्या. बघणारे जवळ जाऊन भिंतीला हात लावत. एक आजी तर चप्पल काढून मारायला धावल्या. खडूबाई म्हणायच्या, आजवर इतकी मोठी दाद कुणी दिलेली नाही.

सगळं चाले ते मागच्या खोलीत. तारा, स्टँड, दोन प्रोजेक्टर, एक पंखा माणसांसाठी आणि एक मशीनसाठी. आणि आता ती खोली जाणार होती. दादांची लेक नोकरीच्या बदलीनं नवरा आणि तान्ह्या बाळासह घरी राहायला येणार होती. दादा तोंडानं काही बोलले नाहीत. पण एकदा खडूबाई खोलीत शिरल्या तर ते भिंतीला फीत लावून उभे.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही. फळी ठोकावी म्हणत होतो."

"पाळण्याएवढी फळी?"

दादा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. खडूबाईंनाच वाईट वाटलं. खोली भाचीला द्यायची यात त्यांच्या मनात किंतु नव्हता. बाळ येतंय, आणखी काय हवं? पण तारा-स्टँड माळ्यावर गेले की ते पुन्हा खाली येत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरात माळ्यावर गेलेली सतार होती, शिवणाचं मशीन होतं, वहिनींची एक कथाही होती, असं म्हणतात.

तेवढ्यात जुन्या पंपघराचं कळलं. एके काळी सगळ्या गावाला तिथून पाणी चढायचं. पंप बंद पडून जमाना झाला होता. आता तिथं कलाकेंद्र होतं आणि आवारातल्या खोल्या केंद्र कलावंतांना वर्षा-वर्षासाठी काम करायला देई. एक खोली रिकामी होणार होती. अट अशी की पंपघराच्या मागच्या मोठ्या भिंतीवर, नाहीतर आवारात कुठंही, आपलं एक काम करून दाखवायचं. बघून ठरवणार. अर्ज करणाऱ्यांत जुन्या टेलिफोनांना गायला लावणारा एक गृहस्थ होता, तांब्याच्या तारा सुतासारख्या विणून त्यातून रेडिओ वाजवणाऱ्या दोघी बहिणी होत्या. शहाणी माणसं, पण आपापल्या जागी पुरती वेडी. खडूबाईंना त्यांच्यात एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

पानगळीच्या दिवसांत दोघी भिंतीचं माप घ्यायला गेल्या. भिंत सुरेख होती, तांबड्या विटांची, कमानीच्या खिडक्यांची. समोर एक मोठं झाड होतं. त्याला एक पान नव्हतं, नुसत्या काटक्या. दोघींनी त्याच्या बुंध्याशी पाण्याची बाटली ठेवली, खालच्या फांदीला पिशव्या अडकवल्या, चारी बाजूंनी कॅमेरा फिरवला आणि घरी आल्या. पडद्यावर भिंत उघडली तर सगळ्या विटांवर काटक्यांच्या रेघोट्या.

"वन्सं, ही काटकुटं मधे येताहेत."

"मग पुसून टाका."

वहिनींनी पुसली. सोपं नव्हतं ते. एकेक काटकी पुसायची आणि तिच्यामागं वीट कशी असेल ते शेजारच्या विटेवरून पाहून भरायचं. सबंध आठवडा मान मोडून त्यांनी ते काम केलं, आणि शेवटी पडद्यावर भिंत अशी लख्ख उभी राहिली, की जणू तिच्यासमोर कधी काही नव्हतंच. मग त्या पंपघराकडं कोण कशाला फिरकतंय! भिंत तर घरी आणलेली होती.

चित्र पाण्याचं होतं. वरच्या कंगोऱ्यावर पहिला थेंब. तो दोन विटांच्या सांध्यातून वाट काढत खाली येतो, त्यामागून दुसरा, मग ओघळ, मग खिडकीच्या कमानीवर साचून दोन्ही बाजूंनी धार. खडूबाई थेंब काढायच्या आणि वहिनी त्याला कुठं थांबायचं ते शिकवायच्या. दादा चहा घेऊन यायचे, पडद्याकडं बघत उभे राहायचे. "अगं, याच्या निम्मं पाणी आपल्या नळाला आलं असतं तरी काम झालं असतं."

कामाला बसण्यापूर्वी खडूबाई रोज क्षणभर डोळे मिटायच्या. देवाकडं खोली मागावी असं पुष्कळदा ओठांवर यायचं. पण मागायची लाज वाटायची. म्हणायच्या, "हाताला यश दे," आणि डोळे उघडायच्या.

दाखवायचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा रंगीत तालमीसाठी तिघं सामान घेऊन पंपघरावर गेली. आवाराचं फाटक ओलांडलं आणि तिथंच थबकली. भिंत नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यासमोर हिरवागार डोंगर उभा होता.

"हे कधी आलं?" दादांनी विचारलं.

"झाड चालत येत नाही हो," वहिनी म्हणाल्या.

"मग आधी कुठं होतं?"

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "मी पुसलं होतं."

दादांना हसू आवरेना, आणि या दोघी हसत नाहीत म्हटल्यावर तर ते आणखीच उसळायला लागलं. शेवटी तोंड फिरवून ते फाटकाबाहेर जाऊन हसून आले. खडूबाई मात्र तोवर झाडाभोवती दोनदा फिरून आल्या. अंधारून आल्यावर त्यांनी प्रोजेक्टर लावून पाहिलं. कंगोऱ्यावरून पाणी निघालं, झकास निघालं, आणि झाडाच्या शेंड्यापाशी येऊन त्याच्या चिंध्या झाल्या. मधल्या सगळ्या कमानी पानांत बुडल्या. दोन्ही कडांना तेवढं पाणी वाहत होतं, लग्नघरात मधला मांडव कोसळावा आणि दोन बाजूंच्या कनाती राहाव्यात तसं.

केंद्राचे व्यवस्थापक भला माणूस. ते म्हणाले, "एवढंच ना? फांद्या छाटून टाकू. उद्या माळीबुवांना पाठवतो."

"हो, छाटा," खडूबाई म्हणाल्या. इतक्या पटकन, की वहिनींनी वळून पाहिलं.

"वन्सं? आपल्या दारातल्या कढीपत्त्याला मी हात लावला तर दोन दिवस अबोला धरता."

"तेव्हा खोलीचा प्रश्न नव्हता, वहिनी."

वहिनी तारा गुंडाळायला लागल्या. 

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला माळीबुवा आले. हातात लांब काठीची करवत, खांद्यावर शिडी आणि दोर. त्यांनी झाडाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "कुठली फांदी काढू, बोट दाखवा."

आता बोट कसं दाखवणार? इतक्या फांद्यांतली चित्राच्या आड कुठली येते ते खालून कळेना. वहिनींनी तोड काढली. चित्र बंद केलं, पाटी जोडली आणि पेन खडूबाईंच्या हातात दिला. "लाल रेघ काढा. जिथं रेघ पडेल ती फांदी गेली. बुवा, रेघेवर लक्ष ठेवा."

खडूबाईंनी पाटीवर पेन टेकवला. झाडात लाल रेघ उमटली. एका जाड फांदीच्या कडेनं त्यांनी ती वर नेली आणि थांबल्या. रेघ थांबली नाही. पानांच्या झुबक्यावर ती वर सरकली, खाली आली, तुकडे झाली, पुन्हा सांधली गेली.

"बाई, एका जागी धरा की रेघ!" माळीबुवा शिडीवरून ओरडले.

"मी धरलीच आहे."

"कुठं? ही बघा पळाली."

"ती नाही पळत. झाड हलतंय."

"मग झाडाला सांगा उभं राहायला! मला घरी जायचंय." करवत पुढं करून ते रेघेच्या मागं लागले. वाऱ्याची झुळूक आली, रेघ या फांदीवरून त्या फांदीवर. "अहो, आता ती त्या फांदीवर गेली. कुठली कापू? ही का ती?"

खडूबाईंनी लाल रंग काढून पाण्याचा निळा घेतला, पेन आडवा केला आणि अगदी हलक्या हातानं एक ओघळ सोडला. तो पानावरून पानावर उतरत गेला. वरचं पान झुके, थेंब खालच्यावर पडे, ते झुके. हे त्यांनी काढलेलं नव्हतं. घरच्या पडद्यावर इतके महिने त्यांनी थेंब पडायला शिकवला होता, पण पडलेल्या थेंबानं खालचं काही हललेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. भिंत हलत नाही ना.

"बुवा," त्या म्हणाल्या, "खाली या."

"कापू नको?"

"नको. चहा घेऊन जा."

"मग दोर कशाला आणवलात माझ्याकडून!" असं म्हणत माळीबुवा उतरले, पण चहा संपला तरी गेले नाहीत, मान वर करून उभेच राहिले.

भडकल्या त्या वहिनी. "अहो वन्सं, माझ्या विटा! एकेक वीट मी डोळे फोडून बसवली. आणि तुम्ही म्हणता मधल्या सगळ्या सोडून द्या? त्या झाडाचं माप घेता येत नाही. आज घेतलं तर उद्या पान दुसरीकडं. मशीनला काय सांगू मी, पाणी कुठं थांबव म्हणून?"

"काहीच सांगू नका."

"म्हणजे?"

"कडेच्या विटा तुमच्या. तिथं पाणी तुम्ही म्हणाल तिथंच थांबेल. मधे थांबायचंच नाही."

वहिनी रुसल्या. रुसल्या रुसल्याच त्यांनी रात्रीचं जेवण केलं, रुसूनच सकाळी पुन्हा भिंतीचं माप घेतलं, आणि दुपारी दादांना म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला सांगा, तिच्या झाडात मोठे थेंब टाकायला हवेत, बारीक दिसत नाहीत." दादांनी दोन पावलं चालून तो निरोप शेजारच्या खुर्चीत दिला. पुढचे दिवस असेच भांडत-करत गेले. काम मात्र झालं.

दाखवायच्या दिवशी संध्याकाळी आवार माणसांनी भरलं. केंद्राच्या संचालिका आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हात मागं बांधून उभ्या राहणाऱ्या. टेलिफोनवाले गृहस्थ आले, तारेवाल्या बहिणी आल्या. खडूबाईंनी डोळे मिटून नेहमीचं मागणं मागितलं आणि बटण दाबलं.

कंगोऱ्यावर थेंब आला. विटांतून ओघळ निघाले, अचूक. लोक 'वा' म्हणाले. पाणी झाडाच्या शेंड्याला पोचलं आणि काहीच झालं नाही. वारा पडला होता. एक पान हलत नव्हतं. आखून दिल्यासारखे निळे पट्टे पानांवर सरकत होते, दुकानाच्या दिव्यांच्या पाटीवर सरकतात तसे. लोकांची कुजबुज सुरू झाली. संचालिकांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

वहिनी कानाशी येऊन म्हणाल्या, "वन्सं, वारा नाही. थोडं थांबू या का?"

थांबून वारा येईल याची हमी कोण देणार? खडूबाईंच्या डोळ्यांपुढं माळा आला. मग त्यांनी झाडाकडं नीट पाहिलं. वारा नव्हता हे खरं, पण झाड काही मेलं नव्हतं. वरच्या अंगाला एक पाखरू बसलं-उठलं तशी डहाळी थरथरली. खाली एक सुकलेलं पान देठातून सुटून दुसऱ्यावर अडकलं.

"मधलं बंद करा," त्या म्हणाल्या. "पाटी द्या. मी हातानं काढते."

"सगळ्यांसमोर?"

"जन्मभर सगळ्यांसमोरच काढत आले की."

वहिनींनी झाडातलं पाणी बंद केलं. कडेच्या विटांवरून धारा तशाच वाहत राहिल्या आणि मधे झाड काळोखात गेलं. मग त्या काळोखात एक थेंब आला. डहाळी जिथं थरथरत होती तिथंच. तो खडूबाईंनी तिच्याबरोबर थरथरत ठेवला आणि डहाळी थांबल्यावर सोडला. दुसरा अडकलेल्या पानात साचवला. कडेच्या धारांच्या उजेडात जिथं झाड जरा हलताना दिसेल तिथं त्या पाणी नेत होत्या, आणि झाड कुठं हलेल ते आधी कळत नव्हतं, म्हणून सगळं आवार त्यांच्याबरोबर झाडाकडं टक लावून होतं. "तिकडं बघा, तिकडं हललं!" गर्दीतून कुणी ओरडलं. मग दुसरं कुणी. टेलिफोनवाले गृहस्थ तर टाचा उंचावून "डावीकडं, बाई, डावीकडं!" करू लागले. झाडाखाली उभ्या असलेल्या एका बाईनं तळहात पुढं केला. त्या संध्याकाळी शेवटपर्यंत वारा आला नाही, आणि त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

दिवे लागल्यावर संचालिका जवळ आल्या. वहिनींनी घोकून घेतलेलं भाषण खडूबाईंच्या डोक्यातून साफ उडालं होतं.

"एक विचारते," संचालिका म्हणाल्या. "पानं गळतील तेव्हा काय करणार?"

"तेव्हा काटक्यांवरून उतरेल पाणी. बारीक."

"आणि पालवी येईल तेव्हा?"

"ते अजून माहीत नाही." खडूबाईंना वाटलं, संपलं. पण खोटं बोलवेना. "त्यासाठीच तर खोली हवी. झाडाचं एक वर्ष बघायचंय. मागच्या खेपेला आम्ही ते बघितलंच नाही."

"बघितलं होतं हो," वहिनी मधेच म्हणाल्या. "बघून पुसलं."

संचालिका हसल्या; त्या हसतात हे केंद्रातल्या कित्येकांना तेव्हाच कळलं.

व्यवस्थापकांचा फोन दोन दिवसांनी आला. खडूबाई पोळपाटाशी झुंजत होत्या, म्हणून दादांनी घेतला. "हो... हो... बरं," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.  वहिनींनी विचारलं, "अहो, मिळाली की नाही? की तेवढं बघायला पंचांग काढू?" दादांनी मान हलवली. ती होकाराची आहे हे कळायला दोघींना जरा वेळ लागला, कारण त्यांचे डोळे भरले होते.

भाची बाळाला घेऊन आली त्याच आठवड्यात मागची खोली रिकामी झाली. तारा, स्टँड, दोन्ही प्रोजेक्टर पंपघराच्या आवारात गेले, माळ्यावर काहीच गेलं नाही. नवी खोली लहान होती, चुन्याचा वास येत होता, आणि तिला एकच खिडकी होती. ती झाडावर उघडायची. त्या खिडकीपाशी कुणाचं टेबल यावरून दोघींचं पहिल्याच दिवशी वाजलं. वहिनी जिंकल्या. कॅमेरा आता रोज एकाच जागेवरून झाडाकडं बघायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढण्यासारखं नव्हतं.

खडूबाईंनी आपलं टेबल मागं लावलं, खुर्ची ओढली, डोळे मिटले. या खेपेला काही मागावं असं आठवेना, म्हणून नुसते हात जोडले.

"वन्सं," खिडकीपाशी पडद्यावर झाड उघडून बसलेल्या वहिनींचा आवाज आला, "जरा खुर्ची सरकवा. माझ्या झाडावर तुमची सावली पडतेय."